लिंत्स : पोलादनगरीने जोपासलेली संगणककला

आपल्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपविता येतील अशा अठरा विषयांची यादी आहे. पाणीपुरवठा, रस्ते, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा या परिचित विषयांच्या सोबतीने तेराव्या क्रमांकावर सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन हाही विषय येतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ही अनुसूची आली आणि १ जून १९९३ पासून ती अमलात आहे. अनुसूचीतील हा तेरावा विषय वाचल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम नाट्यगृह उभे राहते, आणि ते योग्यच आहे. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली आणि ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ साली उभे राहिले, ती दोन्ही महापालिका वा नगरपालिकेच्या मालकीची. नगरसंस्थेने कलेसाठी पैसा खर्च करावा, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

परंतु ज्या कलेला रंगमंच लागत नाही, जिचे साहित्य संगणक, ध्वनिक्षेपक, प्रकाशझोत आणि संदेशवहनाचे जाळे हे आहे, त्या कलेचे काय? तिला नगरसंस्थेने कसा आधार द्यावा? तिचा प्रेक्षक कोण, तिची जागा कोणती, आणि लेखापरीक्षकाला त्या खर्चाचे समर्थन कसे द्यावे? या प्रश्नांची उत्तरे तर्काने शोधण्यापेक्षा इतिहासात शोधणे मला अधिक फलदायी वाटते. असा इतिहास ऑस्ट्रियातील लिंत्स या शहराने घडविला आहे. ते कोणत्याही देशाची राजधानी नाही, त्याची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास आहे, आणि त्याची ओळख कलेपेक्षा पोलादाने झालेली आहे. तथापि लिंत्सकडे जाण्यापूर्वी आपल्याच देशातील दोन प्रयत्नांची नोंद घेणे आवश्यक आहे. कारण आपण या वाटेवर लिंत्सच्या आधी दहा वर्षे निघालो होतो.

१९६९ : अहमदाबाद आणि मुंबई

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली एक इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तेथे येऊन मूग कंपनीच्या सिंथेसायझरची मांडणी करून दिली. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी त्या यंत्रावर ध्वनिरचना केल्या. त्या काळी हे यंत्र जगातील मोजक्याच ठिकाणी होते. गीता साराभाई यांचा या क्षेत्राशी संबंध जुना होता. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीताची ओळख करून दिली होती.

त्याच वर्षी मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी जवाहरलाल नेहरू फेलोशिपच्या रकमेतून नेपियन सी रोडवर 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' नावाची कार्यशाळा उभारली. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार यांनी एकत्र येऊन काम करावे, हा तिचा हेतू होता. पदमसींचा 'सिझिजी' हा, रेषा आणि आकड्यांच्या नियमांतून उलगडत जाणारा मूकपट तेथेच घडला. संगणक हाताशी नसताना संगणकाच्या पद्धतीने विचार करणारी ती कृती होती. तरुण नलिनी मलानी यांचे चलतचित्रांचे पहिले प्रयोगही याच कार्यशाळेतले.

दोन्ही उपक्रम १९७२ च्या सुमारास थांबले. अहमदाबादच्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या आणि २०१७ साली पॉल परगस या ब्रिटिश कलावंत-संशोधकाच्या हाती लागल्या. पदमसींच्या 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' या दुसऱ्या चित्रपटाची एकमेव प्रत हरवली, ती हरवलीच.

या दोन्ही ठिकाणी प्रतिभा होती आणि यंत्रेही होती. पैसादेखील, थोडाबहुत का होईना, होता. नव्हती ती एक गोष्ट : फेलोशिपची मुदत संपल्यावर किंवा उत्साही माणूस दूर गेल्यावर हे काम आपले म्हणून पुढे चालविणारी संस्था. अहमदाबादचा स्टुडिओ केंद्र सरकारच्या संस्थेत होता, मुंबईची कार्यशाळा एका व्यक्तीच्या अनुदानावर होती. त्या दोन शहरांच्या महापालिकांच्या अंदाजपत्रकात मात्र या कामाला कोठेही स्थान नव्हते.

वारसा नको असलेले शहर

आता लिंत्सकडे वळू. डॅन्यूबच्या काठावरील या शहराला जुनी सांस्कृतिक परंपरा आहे. खगोलशास्त्रज्ञ योहान्नेस केप्लर सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे राहिला आणि त्याचा विश्वाच्या संगीतमय रचनेवरील ग्रंथ १६१९ साली तेथेच प्रसिद्ध झाला. संगीतकार आंटोन ब्रुकनर तेथील कॅथेड्रलमध्ये ऑर्गनवादक होता. पण विसाव्या शतकाने या शहरावर दुसरीच मुद्रा उमटविली. हिटलरचे शालेय शिक्षण येथे झाले होते आणि लिंत्सला प्रचंड संग्रहालयाने मंडित अशी आपली कलानगरी करण्याचे त्याचे स्वप्न होते. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीला जोडल्यानंतर लगेच येथे हेर्मान गोअरिंगच्या नावाने पोलादाचा अवाढव्य कारखाना उभारण्यात आला. त्यात पुढे सक्तीने आणलेले मजूर आणि छळछावणीतील कैदी राबविले गेले. माउटहाउझेनची कुप्रसिद्ध छळछावणी शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे.

युद्धानंतर दहा वर्षे शहर दुभंगलेले होते. डॅन्यूबच्या दक्षिणेला अमेरिकन फौज आणि उत्तरेकडील उरफार भागात सोव्हिएत फौज, मध्ये निबेलुंगेन पूल. कारखान्याचे १९४६ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि 'फोएस्ट' या नावाने तो पुन्हा उभा राहिला. १९५२ साली येथेच पोलाद बनविण्याची नवी पद्धत औद्योगिक प्रमाणावर प्रथम वापरात आली. वितळलेल्या लोखंडावर वरून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडण्याची ही पद्धत. लिंत्स आणि डोनाविट्स या दोन गावांच्या आद्याक्षरांवरून तिला एल. डी. पद्धत म्हणतात. भारतात ती प्रथम रूरकेल्याच्या कारखान्याने स्वीकारली. भिलाई, रूरकेला, बोकारो येथे ज्यांची आयुष्ये गेली अशा मराठी वाचकांना एल. डी. कन्व्हर्टर हा शब्द नवा नसेल. त्यातील 'एल' म्हणजे हेच लिंत्स.

१९७० च्या दशकात ते पोलादाने संपन्न, धुराने बदनाम आणि व्हिएन्ना व साल्झबर्ग या दोन संगीतनगरींच्या मध्ये दुर्लक्षित राहिलेले कामगारांचे शहर होते. जुन्या वैभवावर उभे राहावे तर साल्झबर्गशी स्पर्धा करता येत नव्हती, आणि नजीकच्या भूतकाळाचा अभिमान धरावा अशी स्थिती नव्हती. भविष्यकाळाकडे वळणे ही अशा शहराची हौस नव्हती, गरज होती.

१९७९ : खिडकीतले रेडिओ

१९७४ साली शहराने नदीकाठी ब्रुकनरहाउस हे संगीतगृह बांधले होते. त्याचा कारभार शहराच्या मालकीची कंपनी पाही. त्याच सुमारास ऑस्ट्रियन सार्वजनिक नभोवाणीच्या प्रांतिक केंद्राचे प्रमुखपद हान्नेस लेओपोल्डसेडर यांच्याकडे आले. हुबर्ट बोग्नरमायर हा स्थानिक इलेक्ट्रॉनिक संगीतकार आणि उलरिश र्युत्सेल हा संगीतनिर्माता यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताच्या महोत्सवाची कल्पना त्यांच्यापुढे मांडली. हर्बर्ट फ्रांके हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक आणि संगणकचित्रकलेचे आद्य पुरस्कर्ते त्यांना येऊन मिळाले. चर्चेतून मूळ कल्पना विस्तारली. केवळ संगीताचा महोत्सव न करता कला, तंत्रज्ञान आणि समाज या तिन्हींचा एकत्र विचार करणारा महोत्सव करावयाचे ठरले. नाव ठेवले 'आर्स इलेक्ट्रॉनिका'. १८ सप्टेंबर १९७९ रोजी तो सुरू झाला.

त्या रात्री आयोजकांनी जे केले ते प्रशासकाने बारकाईने पाहण्याजोगे आहे. ब्रुकनरची आठवी सिम्फनी त्यांनी नदीकाठच्या उद्यानात प्रचंड ध्वनिक्षेपकांतून वाजविली, नभोवाणीवरून ती एकाच वेळी प्रसारित केली, आणि नागरिकांना आवाहन केले की आपापले रेडिओ खिडकीत आणून ठेवा. सारे शहर एका ध्वनीने भरून गेले. या प्रयोगाला 'क्लांगवोल्क', म्हणजे ध्वनिमेघ, असे नाव मिळाले. दोन लाखांच्या शहरात सुमारे एक लाख लोक त्या रात्री नदीकाठी आले होते, असा अंदाज नोंदविला गेला आहे.

नवी कला सामान्य माणसाला कळत नाही, ही तक्रार सर्वत्र असते. लिंत्सने त्यावर व्याख्याने दिली नाहीत. लोकांना ठाऊक असलेला संगीतकार, लोकांच्या घरात असलेले यंत्र आणि कोणालाही तिकीट न लागणारी जागा या तीन गोष्टी त्यांनी एकत्र आणल्या. खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर संगीतगृह शहराचे होते, प्रक्षेपणकेंद्र नभोवाणीचे होते, आणि हजारो रेडिओ नागरिकांचे होते. नवे असे फारसे काही विकत घ्यावे लागले नाही.

दुसरा महोत्सव १९८० साली झाला. त्यानंतर तो एका वर्षाआड भरू लागला आणि १९८६ पासून दरवर्षी. हा क्रम एका दुसऱ्या घटनेशेजारी ठेवून पाहावा. १९८५ च्या अखेरीस फोएस्ट कंपनी प्रचंड तोट्यात असल्याचे उघड झाले. तिच्या एका उपकंपनीने खनिज तेलाच्या सट्ट्यात पैसा बुडविला होता. संचालक मंडळ गेले, सरकारला तिजोरी मोकळी करावी लागली, आणि पुढे टप्प्याटप्प्याने कंपनीचे खासगीकरण झाले. अशा वेळी अर्थविभागाची पहिली कात्री कोठे चालते, हे आपल्यापैकी ज्यांनी अंदाजपत्रके हाताळली आहेत त्यांना सांगावयास नको. लिंत्समध्ये मात्र महोत्सव याच संकटकाळात वार्षिक झाला.

पारितोषिकाचे अर्थशास्त्र

१९८७ साली नभोवाणीच्या पुढाकाराने 'प्रि आर्स इलेक्ट्रॉनिका' हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक सुरू झाले. आरंभी संगणकचित्र, संगणकचलत्चित्र आणि संगणकसंगीत असे तीन विभाग होते. विजेत्याला सामोथ्रेसच्या विजयदेवतेच्या आकाराची 'गोल्डन निका' ही मूर्ती मिळते. चलत्चित्राचे पहिले पारितोषिक जॉन लॅसेटर यांच्या 'लक्सो ज्युनिअर' या टेबलावरच्या दोन दिव्यांच्या छोट्या चित्रपटाला मिळाले. त्या वेळी पिक्सार कंपनी जेमतेम एक वर्षाची होती आणि 'टॉय स्टोरी' यायला आठ वर्षे अवकाश होता.

पारितोषिक हे सांस्कृतिक धोरणाचे सर्वांत स्वस्त साधन आहे, असे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला वाटते. संग्रहालयाला कृती विकत घ्याव्या लागतात. पारितोषिकासाठी जगभरचे लोक आपल्या कृती स्वतःहून पाठवितात, परीक्षकांपुढे त्या वर्षाच्या सर्जनाचा नकाशा आपोआप तयार होतो, आणि त्याची नोंद शहराकडे राहते. अर्थात परीक्षकमंडळ खरोखर स्वतंत्र असेल तरच हे घडते. लिंत्सच्या परीक्षकांनी कलेची व्याख्या ताणण्याचे धैर्य दाखविले. १९९९ साली त्यांनी जालविषयक विभागाचे पारितोषिक लिनस टोरवाल्ड्स यांना लिनक्ससाठी दिले. २००४ साली अंकीय समुदायांचा नवा विभाग उघडला आणि त्यात गौरविलेल्या प्रकल्पांत विकिपीडिया होता. मराठी विकिपीडिया त्याच्या आदल्याच वर्षी, २००३ मध्ये, सुरू झाला होता. ज्या उपक्रमाकडे त्या वेळी अनेक विद्वान संशयाने पाहत होते, त्याला एका औद्योगिक शहराने मानाचे पान दिले होते.

याच पारितोषिकात १९९८ पासून एकोणीस वर्षांखालील ऑस्ट्रियन मुलामुलींसाठी वेगळा विभाग आहे. जागतिक कीर्तीचे कलावंत आणि शाळकरी मुले एकाच सोहळ्यात सन्मानित होतात. शहराच्या दृष्टीने माझ्या मते हा विभाग सर्वांत मोलाचा. कारण कलावंत पारितोषिक घेऊन परत जातात, मुले शहरातच वाढतात.

आधी कार्यक्रम, मग वास्तू

१९९६ साली निबेलुंगेन पुलाच्या उत्तर टोकाशी, म्हणजे एके काळच्या सोव्हिएत भागात, आर्स इलेक्ट्रॉनिका सेंटर उघडले. 'भविष्याचे संग्रहालय' असे त्याला म्हटले गेले. तेथे वस्तू काचेआड ठेवलेल्या नव्हत्या, त्या हाताळायच्या होत्या. त्या समजावून सांगण्यासाठी प्रशिक्षित तरुण मार्गदर्शक नेमले गेले. त्याच वर्षी 'फ्युचरलॅब' ही प्रयोगशाळा सुरू झाली. कलावंत, अभियंते आणि संगणकतज्ज्ञ तेथे एकत्र काम करतात, आणि उद्योगांची वा विद्यापीठांची कामेही शुल्क घेऊन करतात. २०१२ च्या ध्वनिमेघात डॅन्यूबवर एकोणपन्नास प्रकाशमान ड्रोनचा ताफा उडाला तो याच प्रयोगशाळेचा. त्यातूनच पुढे इंटेल कंपनीबरोबर २०१५ मध्ये शंभर ड्रोनचे प्रदर्शन झाले. आज आपल्याकडेही समारंभांत ड्रोनची आकाशचित्रे दिसतात, त्या प्रकाराच्या मुळाशी असलेल्या आरंभीच्या प्रयोगांपैकी हा एक.

येथे तारखांकडे लक्ष द्यावे. महोत्सव १९७९ चा आणि वास्तू १९९६ ची. मधली सतरा वर्षे शहराने इमारतीविना कार्यक्रम चालविला. आपल्याकडे क्रम बहुधा उलटा असतो. भांडवली खर्चाला मंजुरी मिळणे सोपे, कारण कोनशिला बसते, फीत कापता येते आणि मालमत्ता नोंदवहीत चढते. आवर्ती खर्चाला, म्हणजे माणसांच्या वेतनाला, दुरुस्तीला, दरवर्षीच्या कार्यक्रमाला मंजुरी मिळविणे कठीण. परिणामी इमारत उभी राहते आणि कुलूप लागून राहते. अंकीय कलेच्या बाबतीत हा दोष अधिकच घातक ठरतो. दगडी शिल्प दहा वर्षे कुलपात राहिले तर त्यावर धूळ बसते. संगणकीय कृती दहा वर्षे कुलपात राहिली तर ती चालविणारे यंत्र आणि प्रणाली दोन्ही नाहीशी झालेली असतात. ही कला मुळातच आवर्ती खर्चावर जगते, आणि लिंत्सने त्या खर्चाची सवय आधी लावून घेतली.

हा आवर्ती खर्च आला कोठून? ऑस्ट्रियात १९९४ पासून नगरकर आकारला जातो. प्रत्येक उद्योगाने आपल्या एकूण वेतनखर्चाच्या तीन टक्के रक्कम स्थानिक नगरसंस्थेला द्यावयाची असते. ज्या शहरात मोठे कारखाने आहेत, त्याला यातून हक्काचा आणि नियमित महसूल मिळतो. म्हणजे भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या कामगाराच्या वेतनाच्या हिशेबातून हा पैसा येतो, आणि म्हणूनच त्या कामगाराला समजेल, त्याच्या मुलाला प्रवेश मिळेल असा कार्यक्रम देणे ही शहराची नैतिक जबाबदारी ठरते. खुल्या मैदानातील ध्वनिमेघ विनामूल्य ठेवण्यामागचे खरे समर्थन हेच आहे. आपल्या महापालिकांची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यानंतर मुंबईची जकातही गेली, आणि शहराच्या आर्थिक उलाढालीशी थेट जोडलेला मोठा कर आता महापालिकांच्या हाती उरलेला नाही.

सेंटर, महोत्सव आणि प्रयोगशाळा यांचा कारभार शहराच्या मालकीच्या स्वतंत्र कंपनीकडे सोपविला गेला. खात्याचा विभाग न करता कंपनी केल्यामुळे नेमणुका, खरेदी आणि बाहेरची कामे घेणे सुकर झाले. मालकी शहराकडे राहिल्यामुळे हिशेब नगरपरिषदेपुढे येत राहिला. गेर्फ्रीड स्टॉकर हे कलासंचालक १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दीर्घकाळ त्या पदावर राहिले. तीन वर्षांनी बदली होणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांना हा कालखंड कल्पनेपलीकडचा वाटेल.

जुन्या वास्तू, नवे उपयोग

२००९ साली लिंत्स विल्निअससह युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले. सेंटरची विस्तारित इमारत त्या वर्षाच्या आरंभी उघडली. तिच्या काचेच्या भिंतींत हजारो दिवे बसविलेले आहेत आणि रात्री ती संपूर्ण इमारतच चित्रफलक होते. त्याच वर्षी शहरातील तंबाखूचा मोठा कारखाना बंद पडला. वास्तुकार पेटर बेहरेन्स आणि अलेक्झांडर पोप यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बांधलेली ही इमारत आधुनिक वास्तुकलेत महत्त्वाची मानली जाते. शहराने ती विकत घेतली आणि २०१० चा महोत्सव तेथेच भरविला. 'दुरुस्ती' हा त्या वर्षीचा विषय होता. पुढे २०१५ पासून रेल्वेस्थानकाजवळच्या, टपालखात्याने सोडलेल्या पार्सलकेंद्रात महोत्सव भरू लागला. दरवर्षी नवी जागा बांधावी लागली नाही. शहराने टाकून दिलेली जागाच लोकांना पुन्हा दाखविली गेली. डिसेंबर २०१४ मध्ये युनेस्कोने लिंत्सला माध्यमकलांचे सर्जनशील शहर असा दर्जा दिला.

जर्मनीतील कार्ल्सरूए शहराने वेगळा मार्ग धरला. तेथील कला आणि माध्यम केंद्र १९८९ मध्ये स्थापन झाले आणि १९९७ मध्ये जुन्या दारूगोळा कारखान्यात स्थिरावले. शहर आणि राज्य मिळून ते चालवितात, आणि त्याचा भर संग्रह व जतन यांवर आहे. कालबाह्य झालेल्या व्हिडिओ यंत्रांची प्रयोगशाळा तेथे आहे. जुन्या फिती वाचता याव्यात म्हणून जुनी यंत्रे चालू ठेवणे हे तिचे काम. अहमदाबादच्या ध्वनिफितींची आठवण येथे होते. लिंत्स आणि कार्ल्सरूए हे प्रतिस्पर्धी नव्हेत. पेटर वाइबेल यांनी १९९० च्या दशकात लिंत्सच्या महोत्सवाचे कलासंचालन केले आणि नंतर १९९९ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे २०२३ पर्यंत, कार्ल्सरूएचे केंद्र चालविले.

दुसरी बाजू

या इतिहासाला काळी बाजू नाही असे नव्हे. १९७९ सालीच लिंत्समध्ये 'श्टाटवेर्कश्टाट' नावाचा स्वतंत्र कलावंतांचा गटही स्थापन झाला. त्याचे घर आज सेंटरच्या शेजारीच आहे. मोठ्या संस्थेला मोठा वाटा आणि स्वतंत्र कलावंतांना उरलेसुरले, ही तक्रार तेथे अनेक वर्षे केली जाते, आणि ती निराधार नाही. तंत्रज्ञान कंपन्यांच्या पैशावर भरणारा महोत्सव तंत्रज्ञानाची परखड चिकित्सा कितपत करू शकेल, हाही प्रश्न विचारला गेला आहे. २००० साली शहराने सांस्कृतिक विकास आराखडा मंजूर केला आणि त्यात स्वतंत्र कलावंतांच्या क्षेत्राला स्थान दिले. तेवढ्याने वाद मिटला नाही, पण निदान तो नगरपरिषदेच्या कागदावर आला.

शहराची मालकी असली की राजकारणाचा शिरकाव होण्याचा धोकाही असतो. ब्रुकनरहाउसचा कारभार पाहणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाच्या निवडीत मुलाखतीचे प्रश्न एका उमेदवाराला आधीच पोहोचविले गेले होते, हे उघड झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये लिंत्सच्या महापौरांना पद सोडावे लागले. स्वायत्त कंपनी हा सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. नेमणुकीची शुचिता नसेल तर कंपनीही खात्यासारखीच होते. तथापि दोष उघड झाला आणि त्याची किंमत सर्वोच्च पदाने मोजली, हेही तितकेच नोंदविण्यासारखे आहे.

आपल्या शहरांसाठी

भारतातील अनेक शहरे युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत आहेत. जयपूर हस्तकलांसाठी, वाराणसी आणि चेन्नई संगीतासाठी, मुंबई चित्रपटासाठी, कोझिकोडे साहित्यासाठी. माध्यमकलांसाठी त्यात एकही भारतीय शहर नाही. ज्या देशाने जगाला संगणकतज्ज्ञ पुरविले, त्याच्या एकाही शहराला या कलेची राजधानी व्हावेसे वाटले नाही, हे मला खटकते.

साहित्य आपल्याकडे नाही असे नाही. २०१५ ते २०२५ या काळात चाललेल्या स्मार्ट सिटी अभियानात शंभर शहरांत नियंत्रणकक्ष उभे राहिले. वाहतूक, कचरा आणि पाणी यांची अखंड आकडेवारी तेथे जमा होते. ती नागरिकांना दिसेल, ऐकू येईल अशा रूपात आणणे हे माध्यमकलेचे काम आहे. प्रेक्षकही तयार आहेत. पुण्यातील गणेशोत्सवाचे हलते देखावे पाहायला लोटणारी गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला लिंत्सच्या एका लाखाचे नवल वाटणार नाही. बंगालमधील चंदननगरच्या कारागिरांनी तर दिव्यांच्या माळांतून हलती चित्रे रचण्याची स्वतःची विद्याच निर्माण केली आहे, आणि जगद्धात्री पूजेची त्यांची मिरवणूक हा माध्यमकलेचा देशी महोत्सवच आहे. या कारागिरांना आपण विजेचे कंत्राटदार समजतो, कलावंत समजत नाही, हा दोष आपल्या वर्गीकरणाचा आहे.

लिंत्सचा अनुभव आपल्या महापालिकांच्या भाषेत मांडायचा झाला तर तो असा होईल. पहिल्या वर्षी इमारतीचा प्रस्ताव करू नये. महापालिकेचे नाट्यगृह, आकाशवाणीचे केंद्र आणि एक मैदान यांवर एक कार्यक्रम करावा. तो निदान दहा वर्षे चालेल अशी आवर्ती तरतूद स्वतंत्र लेखाशीर्षाखाली ठेवावी. रक्कम लहान असली तरी चालेल, खंड पडता कामा नये. महापालिकेच्या शाळांतील मुलांसाठी पारितोषिक पहिल्याच वर्षापासून असावे. अंदाजपत्रकाचा ठरावीक हिस्सा मोठ्या संस्थेबाहेरील कलावंतांसाठी राखून ठेवावा. आणि प्रत्येक वर्षाच्या कृतींची नोंद, त्या चालविणाऱ्या प्रणालीसह, जतन करण्याची जबाबदारी एका नामनिर्देशित अधिकाऱ्यावर टाकावी.

यांतील शेवटची बाब किरकोळ वाटेल, पण ती किरकोळ नाही. अहमदाबादच्या फिती सापडल्या, कारण कोणीतरी त्या संग्रहात नीट ठेवल्या होत्या. पदमसींच्या चित्रपटासाठी अशी सोय नव्हती. आज आपल्या शहरांतील तरुण संगणकावर जे घडवीत आहेत, त्यातील किती पुढील पन्नास वर्षांनी पाहता येईल, हे त्यांच्या प्रतिभेवर जेवढे अवलंबून आहे तेवढेच बाराव्या अनुसूचीतील तेराव्या विषयाखाली आपण आज कोणती तरतूद करतो यावर अवलंबून आहे.